काचवाले आणि सूर्यफुलांचा ड्रेस

गल्लीत काचवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने फक्त विजेचं बिल ओळखत असे. बाकी सगळ्यांचे ते काचवाले. एखादा नवा भाडेकरू हे नाव ऐकून खिडकीची फुटकी तावदानं बगलेत मारून त्यांच्या दारात उभा राहायचा, आणि काचवाले कपाळावर हात मारून सांगायचे, "अहो, मी काच बसवत नाही. मी काचेत बसतो."

ते खरंच होतं. चौकातल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच सजवणं हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. चपला बाहेर काढून, तोंडात टाचण्या धरून ते काचेआड शिरत आणि पुतळ्यांना नवे कपडे घालत. रस्त्यावरची माणसं येताजाता बघत. इतक्या पुतळ्यांतला एक हलतोय हे ध्यानात आलं की लहान मुलं भोकाड पसरत, आणि काचवाले टाचण्या न सांडता जमेल तेवढं हसून त्यांना आणखी घाबरवत.

या धंद्याची गोम अशी की पुतळे सगळे एका मापाचे आणि कपडे मात्र नाना मापांचे. कपडा सैल झाला तर पाठीमागे सगळ्या चुण्या गोळा करून टाचण्या मारायच्या. पोकळ दिसला तर आत चुरगळलेला कागद कोंबून फुगवायचा. त्यामुळे काचवाल्यांचे पुतळे पुढून बघावेत तर राजबिंडे साहेब, आणि मागून बघावेत तर साळिंदर. मागून कोण बघतंय? सगळं झालं की काचवाले रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जात, मान तिरकी करून काचेकडे बघत, आणि परत येऊन एखादी कॉलर बोटभर सरकवत. मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडे.

हीच खोड घरात आली. घराला रंग दिला, पण कपाटामागची भिंत तशीच ठेवली. शर्टाला इस्त्री केली, पण फक्त पुढून. "पाठ काय, खुर्चीला टेकायचीच आहे," असं त्यांचं तत्त्वज्ञान. बायको येईल त्याला सांगायची, "लग्नाच्या दिवशी मला बघून हे दोन पावलं मागे गेले. मला वाटलं, पळतायत! तर हे मान तिरकी करून बघतायत, मी भिंतीच्या रंगाला शोभते का!"

"मग शोभत होतीस का नाही?" काचवाले विचारायचे.

"भिंत दिसायला जागा कुठे उरली होती?"

यात अतिशयोक्ती नव्हती. काचवालीणबाई अंगापिंडाने दणदणीत होत्या. बसच्या बाकावर त्या टेकल्या की शेजारचा माणूस शहाण्यासारखा आपण होऊन उठायचा. त्या घरातच पाळणाघर चालवत. कडेवर एक, मांडीवर दोन आणि आवाजाच्या धाकाखाली उरलेली सगळी. अर्ध्या गल्लीची पोरं त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपून मोठी झाली होती. मोठी झाल्यावरही ती रस्त्यात भेटली की त्या विचारत, "काय रे, झोप लागते का नीट आता? उशी बदलली ना!"

त्यांच्याकडे एक ड्रेस होता. पिवळाधमक, त्यावर ताटाएवढी सूर्यफुलं. तो त्यांनी काचवाल्यांच्या दुकानातून नव्हे, तर समोरच्या फुटपाथवरच्या दुकानातून, म्हणजे साक्षात शत्रूच्या गोटातून, सेलमध्ये आणला होता. काचवाल्यांना तो घाव कधी भरला नाही. "असा ड्रेस मी पुतळीला घातला असता तर पुतळी काच फोडून पळून गेली असती," ते म्हणायचे. आणि बाई नेमका तोच घालून, त्यांच्याच दुकानासमोर उभ्या राहून, काचेच्या आतल्या नवऱ्याला हात करायच्या.

मग आजार आला. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. 'ते' म्हणत. 'ते' सुरू झाल्यापासून, 'त्या'ची तपासणी, 'त्या'च्या गोळ्या. पाहुणा आला आणि गेलाच नाही, वर घरातलं एकेक सामान बाहेर नेऊ लागला, अशातली गत. पाळणाघर बंद झालं. आवाज अर्धा झाला. अंग तर असं उतरलं की काचवाले रोज सकाळी अंथरुणाकडे बघताना आपली बायको यातली नेमकी कुठली घडी, हे क्षणभर शोधत.

त्यातच थोरल्या लेकीला दिवस गेले. घरातलं पहिलं नातवंड. थोरलीने डॉक्टरांना एकटीने गाठून महिन्यांचा हिशोब विचारला. डॉक्टरांनी तिच्या पोटाकडे बघून नुसता चष्मा पुसला. ती माहेरी आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, आपण सगळ्यांचा एक मस्त फोटो काढू या का? स्टुडिओत जाऊन?"

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पाळणाघरवालीपासून कुठल्या पोराने कधी काही लपवलंय?

"काढू या की," त्या म्हणाल्या. "बाळाला दाखवायला होईल. म्हणावं, ही बघ तुझी आजी."

काचवाले स्वयंपाकघरात होते. त्यांनी नळ मोठा सोडला आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या मोबाइलवर थोरलीचा हुकूम आला. सर्वांनी फिकट कपडे घालावेत. पांढरा, राखाडी किंवा फिकट निळा. भडक काही नको. धाकट्या मुलाने नुसता अंगठा पाठवला. जावईबापू आपल्या घरी शेजारच्या खोलीतून बायकोला ओरडून विचारते झाले, "माझ्याकडे राखाडी काही आहे का गं?" काचवाल्यांनी हुकूम मोठ्याने वाचला आणि त्यांच्यातला कारागीर उसळला. "सगळे पांढरे, सगळे फिकट! हा काय फॅमिली फोटो आहे का दवाखान्यातला स्टाफ?"

शब्द तोंडातून सुटून गेला. सगळ्यात आधी हसल्या त्या काचवालीणबाई. "बरोबर आहे हो. त्या लोकांचं तोंड रोज बघतेच की मी. फोटोत तरी नको." मग त्यांनी उशीवरून मान उचलली. "मी सूर्यफुलं घालणार."

पण तो ड्रेस आता त्यांच्या अंगावर चढवला तर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसला असता, हे काचवाल्यांइतकं कोणाला कळणार? त्यांनी दुकानातून चार नवे ड्रेस आणले. लहान मापाचे, सुरेख रंगांचे. पलंगावर मांडले. बाईंनी एकेकाला दोन बोटांनी उचललं.

"हे तुमच्या पुतळीचे. मला माझ्या अंगात दिसायचंय. आजी कशी, भरलेली पाहिजे. बाळाला वाटलं पाहिजे की हिच्या पोटावर डोकं ठेवून झोप लागली असती."

"मग तोच ड्रेस मापात करून आणतो. शिंपी तासाभरात—"

"कात्री लावायची नाही हं!" बाईंचा जुना आवाज कुठूनसा परत आला. "मी बरी झाले, परत भरले, की मला तो लागणार आहे. तेव्हा काय, अर्धाच घालू?"

फोटो कशासाठी काढायचा हेही त्यांना ठाऊक होतं आणि बरं व्हायचंय हेही त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे शेजारी शेजारी झोपलेल्या दोन पोरांसारख्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मधे बोलून उठवणार कोण?

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही कोटांमध्ये कागद भरता ना?"

काचवाल्यांनी पाहिलं. बाई गंमत करत नव्हत्या.

"आणि गालांत काय भरू?" असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी टाचणीसारखं ओठांत धरून ठेवलं. "भरतो," ते म्हणाले. "अशी भरतो की जावईबापूंना फोटोत मावायला जागा उरणार नाही."

फोटोच्या आदल्या दिवशी सगळ्यांची वरात घरी आली. काचवाल्यांनी पलंग मोकळा करून पाचही जणांचे कपडे त्यावर फोटोच्या क्रमाने मांडले. जावईबापूंनी तीन शर्ट आणले होते. तिन्ही निळे, तिन्ही सारखेच, आणि त्यातला नेमका फरक फक्त जावईबापूंना दिसत होता. "हा जरा जास्त औपचारिक वाटतो का, बाबा?" ते प्रत्येकाबद्दल विचारत होते. धाकट्याने काळा टीशर्ट आणला होता, छातीवर हसरी कवटी.

"हे काय आहे?" थोरली किंचाळली. "फिकट सांगितलं होतं ना? आणि कवटी?"

"फॅशन आहे, ताई."

"उद्या कवटी नको," काचवाले म्हणाले.

"असू दे हो," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या. "फोटोत एक जण तरी माझ्यापेक्षा बारीक दिसेल."

धाकट्याने टीशर्ट पिशवीत कोंबला आणि तोंड धुवायला गेला. तो बराच वेळ तोंड धूत होता.

शेवटी निकाल काचवाल्यांनी लावला. "काचेत एकानेच ओरडायचं असतं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आई सूर्यफुलांत. उरलेले सगळे फिकट." थोरलीचंही मन राहिलं, आईचंही राहिलं. धाकटा पुसल्या तोंडाने म्हणाला, "म्हणजे घरात चालतं तेच."

काचवाले दारापर्यंत मागे गेले, मान तिरकी केली. पलंगावर कुटुंब पसरलं होतं. राखाडी, निळा, थोरलीचा पोटाशी घेरदार पांढरा, आणि मधोमध अर्धा पलंग व्यापून सूर्यफुलं. सगळे होते, फक्त आत कोणी नव्हतं. बाह्या नीट करता करता त्यांनी थोरलीच्या शर्टाची बाही आईच्या बाहीवर ठेवली आणि परत काढली. मग त्यांच्या लक्षात आलं की पलंग भरल्यामुळे बायकोला पाठ टेकायला जागा उरलेली नाही. ती केव्हाची खुर्चीत, भिंतीला डोकं लावून, मिटल्या डोळ्यांनी त्यांचं काम संपायची वाट बघत बसली होती.

"अगं, सांगायचं नाही का?"

"छान मांडत होतात," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं कुटुंब एका मिठीत गोळा करून खुर्चीवर टाकलं आणि बायकोला पलंगावर निजवलं. कपड्यांना पडलेल्या चुण्यांकडे त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही.

स्टुडिओ चष्म्याच्या दुकानाशेजारी होता. फोटो काढणारी मुलगी चुणचुणीत. एकेकाला हाताने धरून उभं करत होती. कपडे बदलायच्या खोलीत काचवाले बायकोला घेऊन गेले, बरोबर कागदाची पिशवी. दार लावलं. बाहेरच्यांना आतून नुसती कुरकुर ऐकू येत होती, कागदाची आणि माणसांची.

"हात वर कर. जरा. एवढा नको."

"अहो, गुदगुल्या होतात!"

"पुतळी बरी. बोलत नाही."

"मग तिचाच काढा फॅमिली फोटो."

दार उघडलं आणि थोरलीने तोंडावर हात धरला. आई बाहेर आली होती. खरोखरची, जुनी, भरघोस. खांदे, दंड, पोट, सगळं जागच्या जागी. काचवाल्यांनी जन्माची कारागिरी त्या ड्रेसमध्ये ओतली होती. समोर जाऊन नुसती बघत राहावी अशी काच त्यांनी आजवर सजवली नव्हती. ते समोर गेले, बघितलं, आणि त्यांचा हात कुठलीच कॉलर सरकवायला पुढे झाला नाही.

"काकू, तुम्ही मधे बसा," मुलीने खुर्ची पुढे केली. मागे उभ्या पट्ट्यांची, साधी लाकडी खुर्ची.

इथे काचवाल्यांची चूक झाली. असली चूक त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून व्हायची. सबंध आयुष्यात त्यांच्या एकाही पुतळीने कधी खुर्चीवर बसायचं मनात आणलं नव्हतं.

बाई बसल्या. आतून मोठा खर्रर्र आवाज झाला. पोट सरकून डाव्या कुशीला गेलं. एक खांदा कानापर्यंत चढला, दुसरा कोपरात उतरला. गळ्यातून चुरगळलेल्या कागदाचं एक टोक बाहेर आलं आणि हनुवटीला टेकलं. बाईंनी खाली वाकून स्वतःकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी तर जुन्या गादीसारखी उसवले!"

आणि हसल्या. धाकटा हसला, जावईबापू भिंतीकडे तोंड करून हसले, फोटोवाली मुलगी कॅमेऱ्यामागे लपून हसली. बाई हसता हसता खोकू लागल्या, आणि खोकला थांबेना. प्रत्येक ढासेबरोबर कागद कुरकुरत होता. आता कोणी हसत नव्हतं. काचवाल्यांनी गुडघ्यावर बसून गळ्यातून, बाह्यांतून हाताला येतील ते बोळे ओढून काढले, भराभर, जमिनीवर टाकत. मोठा ढीग झाला. आत बायको लहान लहान होत गेली.

खोकला थांबला तेव्हा सूर्यफुलं त्यांच्या अंगावर मिटल्या छत्रीसारखी पडली होती.

"थोडा वेळ थांबू या का, काकू?" मुलीने विचारलं.

"नको गं. थांबायला वेळ कुठाय?" मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "राहू दे आता. परत भरू नका. बारीक आजी तर बारीक आजी. बाळाला काय, पहिल्यांदाच बघायचंय. पण अहो, गबाळी नको हं दिसायला."

"नाही दिसणार."

काचवाले खुर्चीच्या मागे गेले. सवयीने त्यांचा हात खिशातल्या टाचण्यांच्या डबीकडे गेला. एक टाचणी काढून त्यांनी दोन बोटांत धरली, आणि समोर बायकोची पाठ दिसली. सैल गळ्याखाली मानेपासून निघालेली मणक्यांची रांग, एकेक मणी मोजावा अशी. श्वासाबरोबर वरखाली होणारी. इतक्या वर्षांत त्यांनी तिला समोरून हजारदा पाहिलं होतं. पाठीकडे कधी आले नव्हते. टाचणी त्यांनी परत डबीत टाकली.

मग खुर्चीच्या पट्ट्यांमधून उजवा हात घालून त्यांनी तो सगळा जास्तीचा ड्रेस पाठीशी गोळा केला, चुणीवर चुणी, पिवळ्यावर पिवळं, आणि मुठीत धरला. पुढून कापड अंगासरशी बसलं. मुठीच्या मागच्या बाजूला मणके लागत होते. गरम होते.

"काका, दोन्ही हात दिसू द्या ना. काकूंच्या खांद्यावर ठेवा."

"एकच दिसेल," काचवाले म्हणाले आणि डावा हात खांद्यावर ठेवला.

"जरा ताठ उभे राहा, काका."

"एवढंच होतं, बाळ."

थोरली उजवीकडे, पोटावर हात ठेवून. तिच्यामागे जावईबापू, सर्वात औपचारिक निळ्यात. डावीकडे धाकटा, राखाडी शर्टात, लाल डोळ्यांनी. मुलगी कॅमेऱ्यामागे गेली. तेवढ्यात बाईंनी मान न वळवता, ओठ फारसे न हलवता विचारलं, "अहो, समोरून कशी दिसते मी?"

काचवाल्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त पांढरे झालेले केस, मान, आणि आपली मूठ. पलीकडे जाऊन बघायला या वेळी रस्ता नव्हता.

"एक नंबर," ते म्हणाले. "लोक थबकतायत."

बाई हसल्या असाव्यात. मुठीतलं कापड किंचित ताणलं गेलं, तेवढ्यावरून त्यांना ते कळलं.

बाळ यायच्या आधीच काचवालीणबाई गेल्या. ड्रेसला शेवटपर्यंत कात्री लागली नाही. तो कपाटात आहे, आणि कपाट हलवून मागच्या भिंतीला काचवाल्यांनी एका दुपारी रंग देऊन टाकला.

फोटो बैठकीच्या खोलीत लागला. येणारा जाणारा म्हणायचा, बाई किती प्रसन्न आल्यात, आणि काचवाले, तुम्ही मात्र असे वाकडे का उभे? "कमरेत उसण भरली होती," काचवाले सांगायचे. नात बोलू लागली तशी थोरली तिला कडेवर घेऊन फोटोसमोर उभी करायची. "ही कोण? आजी!" नात सूर्यफुलांवर बोट ठेवून "फुलं" म्हणायची. एवढ्या खटपटीने बनवलेली आजी तिच्या लेखी बरेच दिवस फुलंच होती.

एके दिवशी ती आजोबांच्या मांडीवर असताना म्हणाली, "मला तो काढून दे." काचवाल्यांनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली. नातीने बोटाने एकेकाचे हात मोजल्यासारखे केले. आईचे, बाबांचे, मामाचे. आजोबांपाशी ती अडली.

"आजोबा, तुझा एकच हात आहे. दुसरा कुठे गेला?"

"कामावर गेला होता," काचवाले म्हणाले.

तिला ते पटलं नाही. तिने दोन्ही हातांनी फ्रेम उलटी केली आणि मागच्या बाजूला शोधू लागली. तपकिरी पुठ्ठा, चार खिळे, धूळ.

"इथे पण नाहीये."

"नीट बघ," काचवाले म्हणाले, आणि तिला बघता यावं म्हणून त्यांनी ती फ्रेम तशीच उलटी धरून ठेवली.